नळ किती घट्ट बंद करायचा

आत्या मुक्कामाला आली होती. सकाळी तोंड धुवायला बेसिनपाशी गेले तर नळाच्या तोटीला दोरा बांधलेला. शिवणाचा पांढरा दोरा, दुहेरी केलेला. वरच्या टोकाला घट्ट गाठ आणि खालचं टोक थेट जाळीत सोडलेलं. तोटीच्या कडेला पाणी जमत होतं, थेंब व्हायच्या बेताला फुगत होतं, आणि सुटून पडण्याआधीच दोऱ्याला लागून त्याच्यावरून सरसर खाली उतरत होतं. आवाज अजिबात नाही. तोंड धुवायचं राहिलं, मी बघतच बसले. दोरा कोणी बांधला हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात सुई-दोरा लागला तर शोधमोहीम निघते, आत्याच्या पिशवीत तो कायम असतो. तिने आपणहून विषय काढला नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, रात्रभर टपटप चालू होतं. म्हटलं तुम्हाला कशाला उठवा." मग जरा थांबून, अगदी साध्या कुतूहलाने, "तुम्हाला झोप लागते यात?"

लागत होती. तेच तर खुपलं.

नळ गळतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याच्याखाली प्लॅस्टिकचा मग ठेवलेला असायचा. तो भरला की कोणीतरी कुंडीत ओतायचं आणि रिकामा मग परत जागेवर ठेवायचं. आपण पाणी वाया घालवत नाही याचं एक छोटंसं समाधानही त्यात होतं. आत्याने दोरा बांधताना तो मग बाजूला सरकवला होता. ती गेल्यावर मी दोरा सोडला, तो प्लॅस्टिकचा मग पुन्हा खाली ठेवला आणि ऐकत उभी राहिले. टप्. शांतता. टप्. इतका स्पष्ट आणि इतका आगाऊ आवाज, की पलीकडच्या खोलीतही ऐकू यावा. येतच असणार. इतके दिवस तो तेवढाच मोठा होता आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून जेवत होतो, भांडत होतो, झोपत होतो. एकाच तालात येत राहणाऱ्या आणि काही बरंवाईट न घडवणाऱ्या गोष्टीकडे लक्ष देणं मेंदू सोडून देतो, आणि त्यासाठी फार मोठा मेंदूही लागत नाही. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी हे ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीत अभ्यासलं. तिच्या नळीवर पाण्याची हलकी चिळकांडी मारली की ती कल्ला आत ओढून घेते. तीच चिळकांडी पुन्हा पुन्हा येत राहिली की हळूहळू ओढेनाशी होते. स्मृतीवरच्या या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. वाचताना मला त्या गोगलगायीबद्दल जिव्हाळा वाटला. निदान तिच्यावर कोणी प्रयोग तरी करत होतं; आमची सवय आम्ही फुकटातच लावून घेतली होती.

एकदा ऐकू यायला लागल्यावर मात्र ते बंद करता येईना. रात्री अंथरुणावर पडलं की टप्. मग मी त्या आवाजाबद्दलच वाचत बसले. केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल एका मित्राकडे राहायला गेले होते, तिथे छत गळत होतं आणि खाली बादली ठेवली होती. त्या आवाजाने त्यांची झोप गेली आणि त्यातून २०१८ साली एक शोधनिबंध निघाला. अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यात ठेवलेला मायक्रोफोन लावून त्यांनी दाखवलं, की थेंब पाण्यावर आपटण्याचा आवाज जवळजवळ होतच नाही. थेंबाने पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि त्याच्याबरोबर पाण्याचा पृष्ठभागही थरथरतो. तो आपल्याला ऐकू येतो. म्हणजे आवाजाला खाली साठलेलं पाणी लागतं. आमचा तो पाणी वाचवणारा मगच वाजत होता! त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की पृष्ठताण कमी होतो आणि आवाज थांबतो, हेही त्यांच्याच निबंधात आहे. मी करून पाहिलं, थांबला. आत्याचा दोरा तर त्याच्याही एक पायरी आधी काम करतो. तो थेंबाला पडूच देत नाही. आत्याने शोधनिबंध वाचला नव्हता.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला जास्त आवडली. रॉबर्ट शॉ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ठिबकत्या नळाखाली प्रकाशाचा झोत ठेवून दोन थेंबांमधला वेळ मोजला होता. ते काम १९८४ साली प्रसिद्ध झालं. पाणी अगदी थोडं सोडलं तर थेंब नियमित पडतात. किंचित वाढवलं की जोडीजोडीने पडायला लागतात, एक अंतर लहान, एक मोठं. आणखी वाढवलं की क्रमच उरत नाही. नळ तोच, प्रवाह ठरलेला, तरी पुढचा थेंब कधी पडेल हे सांगता येत नाही. आमचा नळ पहिल्या, शहाण्या टप्प्यावर होता, सेकंदाला साधारण एक थेंब. तो थोडा जास्त बिघडला असता, बेताल झाला असता, तर आम्ही केव्हाच जागे झालो असतो असं मला वाटतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी. तो मग रिकामा करण्याचं आमचं समाधान या आकड्यापुढे अगदीच किरकोळ ठरतं, कारण रात्रभर तो भरून वाहतच असणार.

पण मला खरी गंमत वाटली ती आमच्या हातांची. गळका नळ घरात असला की माणसं त्याच्यापुरती बदलतात. नवरा चावी फिरवून झाली की शेवटी खांद्यापासून एक झटका देतो. मुलगी दोन्ही हातांनी पिळते आणि पिळताना ओठ आवळते. मी आधी नळ थोडा उघडते आणि मग झपकन बंद करते. तसं केलं की थेंब थांबतो अशी माझी श्रद्धा आहे, अनुभव म्हणणार नाही. पाहुण्यांना आम्ही "जरा घट्ट बंद करा हं" असं सांगतो, आणि ते आपण त्यांना टॉवेल कुठे आहे ते सांगतो त्याच सुरात. हे सगळं कधी सुरू झालं ते कोणालाच आठवत नाही. पहिल्या दिवशी एवढा जोर नक्कीच लागत नव्हता. दर आठवड्याला इतका इतकासा वाढत गेला असणार, मनगटाला कळणार नाही इतका.

घट्ट बंद करणं हे आमच्या माहेरचं व्रत होतं. बाबा रात्री झोपण्याआधी घरातल्या प्रत्येक नळाची चावी एकदा आवळून बघायचे, आणि त्यांनी आवळलेला नळ सकाळी आईला ओल्या हातांनी उघडायचा नाही. ती चावीभोवती टॉवेल गुंडाळून उघडायची, काही न बोलता. बाबांच्या लेखी नळ सैल सोडणं आणि दार उघडं टाकणं यात फरक नव्हता. आणि वायसर, म्हणजे नळ बंद केला की आत पाण्याची वाट दाबून धरणारी मऊ चकती, बाबांइतके कोणी बदलत नसेल. घरात कोणी कारागीर बोलावल्याचं मला आठवत नाही. जुन्या चपलेच्या तळातून, कधी फाटक्या कातडी पट्ट्यातून ते कात्रीने वायसर कापायचे, मधोमध खिळ्याने भोक पाडायचे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नळातून निघालेला प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे. परत बसवताना उजवीकडून उचलायचं, चुकायचा प्रश्नच नाही. भावाकडे पाना असायचा. माझ्याकडे बॅटरी. बॅटरी धरणं हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. उजेड बाबांची नजर जिथे जाते तिथे पडला पाहिजे आणि नजर कुठे जाणार हे बाबा सांगत नसत. "तिकडे कुठे दाखवतेस?" हात दुखायचा, बदलला की सावली पडायची. त्यामुळे माझ्या डोक्यात नळाच्या पोटाचं चित्र आहे ते गोल उजेडाच्या आतलं आणि कोणाच्या तरी बोटांनी अर्धं झाकलेलं. पाना कोणत्या बाजूला फिरतो हे मला दिसलं होतं. तो फिरताना हाताला काय वाटतं हे माहीत नव्हतं. तेव्हा याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, जरासं.

म्हणून मी ठरवलं की हा नळ मीच खोलायचा.

व्हिडिओ पाहिले. सगळे फार घाईत असतात आणि सगळ्यांचे नळ नवेकोरे असतात. घरातल्या नळावर क्षारांचं पांढरं कवच असतं, चावीच्या खाली बोट जात नाही अशा जागी हिरवट पूड असते, आणि वरची निळी टिकली निघते तेव्हा तिच्या खालच्या स्क्रूची खाच अर्धी झिजून गेलेली असते. मुख्य कॉक बंद केला. नळ उघडून आत राहिलेलं पाणी सोडलं. आधी धार, मग दम लागल्याचा आवाज, मग नुसती हवा. बेसिनच्या जाळीवर जुनं फडकं कोंबलं, कारण सुटलेला स्क्रू नेहमी भोकाकडेच धावतो, यावर माझा आणि बाबांचा एकमताने विश्वास आहे. क्षारांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवली. कान जवळ नेला तर बारीक फसफस ऐकू येते. कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, शाळेतली प्रयोगवही. तेवढ्यात नाकात आंबट झणका बसतो. मग चावी हलवून हलवून वर ओढली आणि खालचा पितळी स्पिंडल, म्हणजे चावीबरोबर फिरणारा दांडा, उघडा पडला. बाहेरून चकचकीत क्रोमियम आणि आत ते मळकट, पिवळं, प्रामाणिक पितळ.

पाना लावण्याआधीच्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. एक, स्पिंडल काढताना नळ अर्धवट उघडा ठेवायचा. बंद स्थितीत वायसर खाली दाबलेला असतो आणि तुम्ही त्या दाबाविरुद्ध झगडत बसता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका पान्याने स्पिंडलचा षटकोनी नट सोडवताना नळाचं अंग दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या पान्याने घट्ट धरून ठेवायचं, नाहीतर नटाऐवजी सगळा नळच फिरतो आणि त्याच्याबरोबर मागचा पाइपही. गळक्या नळाचं काम अर्ध्या तासाचं असतं. पिळवटलेल्या पाइपचं काम फरशी फोडण्याचं. भिंतीत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तिथे हात घालायचा नाही, हा माझा नियम आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. नट पहिल्यांदा हललाच नाही. मी जोर लावला, मग आणखी लावला, आणि मग कडक् असा आवाज होऊन तो सुटला. क्षणभर वाटलं काहीतरी मोडलं. मोडलं नव्हतं, आट्यांमध्ये साठलेल्या क्षारांचं कवच फुटलं होतं. त्यानंतर तो बोटांनीच फिरायला लागला, ओल्या पितळावर पितळाचा तो तेलकट, सुखाचा स्पर्श. बॅटरी धरणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

वायसर हातात आला आणि मी जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले. नाण्याएवढीही नाही अशी काळी रबरी चकती. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला नळाच्या पितळी कडेने पाडलेला खोल वर्तुळाकार चर, आणि एका ठिकाणी चराची भिंत फाटून कापल्यासारखी झालेली. मळलेल्या कणकेवर वाटी उलटी दाबून ठेवावी आणि ती विसरून जावी, तसं. बोटाने दाबलं तर लाकूड. बोटांवर काळं आलं, ते साबणानेही पटकन गेलं नाही. रबराचं काम दाबलं जाणं हे नाही, दाबल्यावर परत उसळणं हे आहे. ते उसळतं म्हणून धातूच्या बारीक खाचा भरून निघतात. १९८६ च्या २८ जानेवारीला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, तेव्हा चौकशी समितीसमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या जोडातल्या रबराचा एक तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला होता आणि बाहेर काढून दाखवलं होतं, की थंडीत हे रबर लवकर उसळत नाही. एवढंच. माझ्या तळहातावरच्या चकतीची गोष्ट तशीच, फक्त तिला कोणी गोठवलं नव्हतं. तिला आम्ही दाबून दाबून थकवलं होतं.

मग मी कागद घेऊन बसले. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. नळाच्या आत पाणी वर येतं ते भोक १२ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी वायसरला वर ढकलतं ते जेमतेम सव्वा किलोच्या आतल्या जोराने. आमच्या घरी टाकी एवढी उंचही नाही. समोरून एवढंसं बळ, आणि त्याला अडवायला आपण काय करतो? चावी फिरवतो, म्हणजे स्क्रू फिरवतो. स्क्रू हे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढवून देणारं यंत्र आहे. घर्षणात बराचसा वाया गेला तरी चावीवरचे दोन-चार किलो आत पोचेपर्यंत कितीतरी जास्त होतात. सव्वा किलोच्या पाण्याला आम्ही गाडीचा जॅक लावून अडवत होतो, रोज, घरातलं प्रत्येक माणूस, जितक्या वेळा हात धुईल तितक्या वेळा. आणि तो सगळा भार पाण्यावर नाही, वायसरवर जात होता. जोर लावला की चर खोल होतो, चर खोल झाला की थेंब सुरू होतो, थेंब सुरू झाला की आणखी जोर. यात वाईट हेतू कोणाचाच नाही. उलट सगळे काटकसर करत असतात.

बाबांना वायसर इतके का बदलावे लागायचे, ते मला कागदावरचं गणित संपल्यावर कळलं. आई टॉवेल गुंडाळून नळ उघडायची ते डोळ्यांसमोर आलं आणि हसू आलं, मग हसू तितकंसं टिकलं नाही.

दोन कठीण धातूंच्या मध्ये एक मऊ गोष्ट ठेवायची, जी झिजेल आणि सहज बदलता येईल, ही कल्पना मला हुशारीची वाटते. रोमन लोकांच्या काशाच्या नळांत तशी काही मऊ गोष्ट नसायची. निमुळती खुंटी, तिला आडवं आरपार भोक, पाव वळसा दिला की भोक पाण्याच्या वाटेत यायचं. धातूवर धातू घासून बसवलेला. बसला तर बसला, झिजला तर सबंध खुंटीच पुन्हा घासायची. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळ ओतणाऱ्या कारखान्याने १८४५ साली स्क्रूने खाली येऊन बंद होणाऱ्या नळाचं पेटंट घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८४४ साली, चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर टिकाऊ करण्याचं पेटंट अमेरिकेत मिळालं होतं. तरी थंड पाण्याच्या नळांत पुढे बरीच वर्षं कातड्याचेच वायसर चालले, म्हणजे बाबांच्या पट्ट्यातून कापलेला वायसर अगदीच गावठी नव्हता, परंपरेला धरून होता. जुन्या वायसरच्या जागी नवा बसवण्याआधी मी करंगळी नळाच्या आत घालून पितळी कड चाचपून पाहिली. वायसर फाटलेला असताना नळ फार दिवस तसाच वापरला की फटीतून जोराने जाणारं पाणी ती कडच कातरून टाकतं, आणि मग कितीही नवे वायसर घाला, काही उपयोग नसतो. कड घासून सपाट करायला वेगळं हत्यार लागतं. आमची कड शाबूत होती. आत्या वेळेवर आली म्हणायचं.

नवा वायसर मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग: जुना खिशात घालून जायचं. माप तोंडी सांगायच्या भानगडीत पडू नये, कारण पाइपांच्या जगात आकडे खरं बोलत नाहीत. आपण ज्याला अर्धा इंची म्हणतो त्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, पाऊण इंचाच्याही वर. अर्धा इंच हे कधीकाळी लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं माप होतं. नाव राहिलं, पोकळी बदलली. बसवताना स्पिंडलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावलं. टेफ्लॉन टेप लावली नाही. तिच्याबद्दल माझं थोडं कठोर मत आहे. लोक ती कुठेही गुंडाळतात, जखमेला लावल्यासारखी. तिची जागा पाइपच्या जोडाच्या आट्यांवर. वायसर झिजल्यामुळे तोटीतून येणाऱ्या थेंबाशी तिचा काही संबंध नाही. बाकी टेफ्लॉनची जन्मकथा मात्र मजेची आहे. ६ एप्रिल १९३८ ला रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाने वायूची टाकी उघडली तर वायू येईना, पण टाकीचं वजन तर भरलेल्या टाकीएवढं. त्यांनी ती करवतीने कापली आणि आत पांढरी पूड निघाली. बंद पडलेली वस्तू कापून बघणारी माणसं मला आवडतात.

वर्तमानपत्रावरचे भाग उजवीकडून उचलत परत बसवले. मुख्य कॉक हळूहळू सोडला, एकदम नाही. रिकाम्या पाइपातून पाणी धावत येऊन आदळतं आणि सगळी भिंत हादरते. नळ आधी खोकला, थोडं तपकिरी पाणी थुंकला, मग स्वच्छ धार लागली. आता बंद करायचा. आणि इथे माझा हात अडला. किती फिरवायचा ते कळेना. मनगटाला जुनंच माप पाठ होतं आणि ते माप आता खोटं होतं. मी बोटांच्या टोकांनी चावी फिरवली, धार बारीक झाली, तुटली, थेंब झाली, थेंबही थांबला. तिथे थांबायचं होतं. तरी हात पुढे जाऊ पाहत होता, एवढ्यावर विश्वास बसेना. आणखी थोडं, उगाच, खात्रीसाठी. मी हात काढून घेतला आणि तोटीकडे बघत उभी राहिले. काही पडलं नाही.

नवऱ्याला आणि मुलीला मी पुष्कळ सांगितलं. नवरा अजूनही खांद्यापासून झटका देतो आणि "बंद झाला का?" असंही विचारतो, कारण चावी त्याच्या अपेक्षेआधीच अडते. मुलगी लवकर शिकली, तिच्या मनगटात सवय जुनी नव्हती. ओठ मात्र अजून आवळते.

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगितलं. वायसरचा चर, कागदावरचं गणित, सव्वा किलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. दुसरा पाना लावला होतास का, एवढंच विचारलं. लावला होता म्हटल्यावर "हं" म्हणाले, आणि त्या "हं"मध्ये मला बरंच काही मिळालं. गणितावर मात्र ते काही बोलले नाहीत. त्यांच्या बोटांचे सांधे आता सुजलेले असतात आणि पिळायच्या चावीचा नळ त्यांना बंदच करता येत नाही. म्हणून भावाने त्यांच्याकडे पाव वळशाचे दांडीवाले नळ बसवून दिलेत. त्यांच्या आत वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, इतक्या सपाट घासलेल्या की एकमेकींवर चिकटून सरकतात; भोकासमोर भोक आलं की पाणी, सरकलं की बंद. जोराचा प्रश्नच नाही, दांडी ठरलेल्या जागी अडते आणि त्यापुढे कितीही रेटलं तरी नळ जास्त बंद होत नाही. एका अर्थी रोमन खुंटीकडेच परत गेलो आपण, कठीणावर कठीण आणि पाव वळसा. आईला ते नळ फार आवडलेत. बाबांना नाही. का, विचारलं तर म्हणाले, "चालतात गं चांगले. पण बंद केल्याचं हाताला कळत नाही."

मला ते म्हणणं पटलं, आणि पटायला नको होतं असंही वाटलं. इतकं गणित करून मी जे सिद्ध केलं होतं त्याच्या बरोबर उलट बाजूला ते उभे होते. पाणी थांबणं ही एक गोष्ट आणि आपण थांबवलं हे हाताला समजणं ही दुसरी. मलाही त्या दिवशी चावी सोडून नुसतं बघत उभं राहणं जड गेलं होतं. शिवाय त्या सिरॅमिकच्या नळाचं काही बिघडलं, रेतीचा कण अडकून चकतीला ओरखडा आला, तर चपलेच्या तळातून काही कापता येत नाही. सबंध काडतूस, म्हणजे चकत्यांसकट आतला सगळा संच, बदलायचं, तेही त्याच बनावटीचं. कात्री, खिळा आणि वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या माणसाला त्या नळात शिरायला जागाच नाही. ही तक्रार मी आईच्या टॉवेलसमोर मांडू शकत नाही, हेही मला माहीत आहे.

आता मोरीतला नळ काढायचाय. तो वेगळाच गळतो. बंद असताना कोरडा आणि उघडला की चावीखालून, दांड्याच्या कडेने पाणी झिरपतं. म्हणजे वायसर ठीक आहे आणि दांड्याभोवतीची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली आहे. ती बदलायला स्पिंडलच्या दांड्यावरची छोटी क्लिप काढावी लागते, आणि ती क्लिप उडून कुठे जाते याबद्दल व्हिडिओतली माणसंही पहिल्यांदाच थोडी गंभीर होतात. मोरीत उजेड कमी आहे. नवऱ्याने बॅटरी धरायचं कबूल केलंय, आणि कुठे धरायची ते मी त्याला आधी सांगणार आहे.